चिकट माणसाचा महाग कॉम्प्युटर

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये ॲपल कंपनीने स्क्रीन पुसायचं फडकं विकायला काढलं. भारतात किंमत १,९०० रुपये. फिकट रंगाचं, मऊ, कोपऱ्यात सफरचंद उमटवलेलं. हे फडकं आपल्या कोणकोणत्या उपकरणांना चालतं याची रीतसर यादीही कंपनीने दिली. तुमच्याकडचं मॉडेल यादीत नसलं तर धूळ तशीच राहू द्यायची की काय, याचा खुलासा नव्हता. अमेरिकेत या फडक्यावर उड्या पडल्या. आज पैसे भरा, फडकं जानेवारीत हातात, अशी पाळी आली. आयफिक्सिट नावाची एक मंडळी आहे. नवं यंत्र बाजारात आलं की ते खोलायचं आणि दुरुस्तीला किती सोपं म्हणून दहापैकी गुण द्यायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांनी हे फडकंही हाती घेतलं आणि शून्य गुण दिले. कारण काय, तर कात्रीने कापल्यावर ते पुन्हा जुळेना.

आमच्या घरात फडकं कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. फडकं घरातच तयार व्हायचं. आईची सुती साडी नेसून विरली की तिची गोधडी, गोधडीतून उरलेल्या तुकड्यांची दुपटी, बाळ मोठं झालं की दुपट्यांची ओट्यावरची फडकी, आणि त्यातलं जे अगदी मऊ पडलेलं असेल त्याची बढती टीव्हीच्या काचेवर. स्क्रीन पुसण्याच्या पदाला पोचायला आमच्याकडे कापडाला वीस-वीस वर्षं सेवा करावी लागे.

तर असं फडकं विकणाऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर घ्यावा का, हे लोक मला विचारतात. मी पुण्यात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल, आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह, ज्याचे पैसे कवीच देतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला दिसतो म्हणून सोसायटीत माझी गणना तज्ज्ञांत होते. बारावीचा निकाल लागला की तज्ज्ञाची बेल वाजू लागते.

विचारणारा दारात येतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. घ्यायचं ठरलेल्याला माझ्या तोंडून ‘घ्या’ एवढंच हवं असतं, म्हणजे घरी ‘मी नाही, ते म्हणाले’ असं सांगायची सोय होते. न घ्यायचं ठरलेल्याला ‘लूट आहे हो नुसती’ हे ऐकायचं असतं. ते ऐकलं की तो समाधानाने दुसऱ्यांदा चहा घेतो. मी मध्येच ‘पण काम काय करणार त्याच्यावर?’ असं विचारलं तर दोघंही हिरमुसतात. कामाचा विषय त्यांनी काढलेलाच नसतो.

वास्तविक निम्म्या लोकांचा निकाल तिथेच लागतो. आर्किटेक्चरला निघालेल्या मुलीला रेव्हिट लागणार, आणि रेव्हिट ॲपलच्या मॅकसाठी निघतच नाही. मेकॅनिकलच्या मुलाच्या सॉलिडवर्क्सचं तेच. टॅलीचंही तेच. पण अडचण कळली म्हणून माणूस थांबतो असं नाही. माझ्या ओळखीतल्या एका सीएंनी, मॅकमध्ये इंटेलची चिप असायची त्या काळात, दणदणीत किमतीचा मॅक घेतला, बूट कॅम्पच्या वाटेने त्यात विंडोज घातलं, आणि पुढची सगळी वर्षं त्यावर टॅली वापरली. टॅली सीएंच्या बाजूला, सफरचंद अशिलाच्या बाजूला. समोर बसलेल्याला दिवसभर सफरचंदच दिसायचं. मॅक आला त्याच वर्षी सीएंनी फी वाढवली आणि एकाही अशिलाने कुरकुर केली नाही. त्यांना तो परवडला, हे मान्य करायला हवं.

महागड्या कॉम्प्युटरांच्या इतिहासात असे ‘परवडले’ तुरळक, फसलेलेच फार. ॲपलनेच १९८३ साली लिसा नावाचा कॉम्प्युटर ९,९९५ डॉलरला काढला. डॉलर तेव्हा दहा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सरळ लाखाची गोष्ट. माऊस होता, खिडक्या होत्या, चित्रं होती. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. पुढे १९८९ मध्ये न खपलेल्या लिसांपैकी सुमारे २,७०० नग अमेरिकेतल्या युटा राज्यात, लोगन गावच्या कचरा डेपोत पुरले. करात वजावट मिळत होती म्हणे. आपल्याकडे पुरायच्या आधी निदान हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक वाटला असता.

१९९७ मध्ये कंपनीच्या विसाव्या वाढदिवसाचा खास मॅक निघाला, ७,४९९ डॉलरचा. सुटाबुटातला माणूस लिमोझिनमधून घरी येऊन तो जोडून देई. वर्षभरात किंमत १,९९५ डॉलरवर आली. ज्यांनी आधी घेतला त्यांनी पुढे प्रत्येक पाहुण्याला त्या लिमोझिनचीच गोष्ट सांगितली असणार, दुसरं करणार काय.

नेक्स्टचं प्रकरण मात्र वेगळं. स्टीव्ह जॉब्सने ॲपलमधून बाहेर पडून ही कंपनी काढली आणि १९८८ मध्ये काळ्या घनाच्या आकाराचा, ६,५०० डॉलरचा कॉम्प्युटर विद्यापीठांसाठी म्हणून आणला. विद्यापीठांकडे तेवढे पैसे असते तर ती विद्यापीठं कशाला झाली असती! यंत्र खपलं नाही. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्यातलं एक पोचलं, आणि १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी त्यावर वर्ल्ड वाइड वेबचा पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर लिहिला. त्या यंत्रावर लाल शाईत एक चिठ्ठी डकवली होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. जगातलं अख्खं वेब तेव्हा एका चिठ्ठीच्या भरवशावर चालू होतं. आमच्या ऑफिसात चिठ्ठी लावूनही झाडणाऱ्या मावशी प्लग काढतात. सर्नला झाडायला कोण होतं कोण जाणे.

पुणेकर म्हणून इथे एक नोंद राहून जाऊ नये. महासंगणक विकत देण्यावरून अमेरिकेने खळखळ केली तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. महाग वस्तू पुणेकराला विकायला जाल तर तो नाक मुरडतो. देत नाही म्हणालात तर घरी करतो.

आता ‘महाग ते सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांनी स्वस्ताचाही इतिहास जरा आठवावा. नव्वदच्या दशकात मराठी घरात कॉम्प्युटर आला तो बहुतेक असेंबल होऊन. प्रत्येक कुटुंबात कॉम्प्युटरमधलं कळणारा एक भाचा असायचा. तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचा (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पाटी वाचून तिथे कोणी गेलेलं नाही). मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या. प्रत्येक दुकानात शंभर-दोनशे रुपये घासाघीस करून वाचवायचे आणि सगळं टॅक्सीत घालून आणताना घालवायचे. विंडोजचे पैसे द्यायचे असतात हे त्या काळात कोणाच्या कानावरच आलं नव्हतं. भाजीवर कढीपत्ता मिळावा तसं ते वर मिळायचं.

मग तो कॉम्प्युटर घरी नांदायला लागायचा. खास शिवलेलं कव्हर, चप्पल काढून बसायची शिस्त, दसऱ्याला झेंडूचं फूल. वर्षभराने एके सकाळी तो चालू व्हायला नकार द्यायचा. भाचा यायचा. कॅबिनेटचं झाकण उघडायचा, रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवायचा, फुंकर घालायचा आणि पुन्हा खोचायचा. निम्म्या वेळा एवढ्यावर यंत्र सुरू व्हायचं. उरलेल्या निम्म्या वेळा भाचा गंभीर होऊन म्हणायचा, “मामा, फॉरमॅट मारायला लागेल.” फॉरमॅट मारला की गावजेवणाचे फोटो जायचे, मामांची शेअर्सची यादी जायची, आणि माझ्यासारख्याचे फॉन्ट जायचे. दिवाळी अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री अख्ख्या अंकातले रफार उडालेले मी पाहिले आहेत. त्या रात्री ‘धर्म’ आणि ‘कर्म’ दोन्ही शब्दांतून एकदमच अर्थ गेला होता.

झाकण पुढे पुढे बसवतच नसत. उघड्या कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावलेला असायचा, आणि घरातल्या माणसांनी उकाड्यात बसायचं.

या भाच्याचा खर्च कोणी कॉम्प्युटरच्या किमतीत धरला नाही. त्याचे पोहे, चहा, रिक्षा, त्याच्या लग्नातला घसघशीत आहेर. शिवाय त्याने दोन फोन उचलले नाहीत तर ताईकडे करावी लागणारी नाजूक तक्रार. भाच्याचा हिशोब पहिल्यांदा मांडला तो आयबीएमने. हो, ज्या आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढून घराघरांतल्या भाच्यांना कामाला लावलं, तिनेच. २०१५ साली या कंपनीने आपल्या नोकरांना मॅक द्यायला सुरुवात केली आणि सांगितलं की मॅकवाल्यांपैकी पाच टक्के लोक मदतीसाठी फोन करतात, पीसीवाल्यांपैकी चाळीस टक्के. पुढच्या वर्षी आकडा आला: चार वर्षांत दर मॅकमागे २७३ ते ५४३ डॉलर वाचतात. म्हणजे विकत घेताना महाग, सांभाळताना स्वस्त. आयबीएमच्या भाच्यांना पगार असतो, म्हणून त्यांचा खर्च वहीत दिसला. आपले भाचे आहेरात धरलेले.

हे आकडे मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ऐकवले, आणि पस्तावलो नाही एवढंच. काका बँकेतून निवृत्त. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतली चार दिवसांची पेस्ट काढणारे. आलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर सामानाच्या याद्या करणारे. त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातली बजाज चेतक आहे. रोज सकाळी ते तिला एका अंगावर तिरकी करतात, ती जरा विचार करते, आणि मग चालू होते. काकांची नात डिझाइनच्या कॉलेजात गेली आणि तिने मॅक मागितला, तेव्हा काका माझ्याकडे आले. सल्ला विचारायला नव्हे, लूट आहे हे ऐकायला.

“हे बघ,” ते म्हणाले आणि खिशातून एका लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं. पत्रिका मीच लावलेली होती. “पंचेचाळीस हजारांचा साधा लॅपटॉप. किती वर्षं चालतो?”

मी म्हटलं, “चार धरा.”

“तीस रुपये ब्याऐंशी पैसे रोजचे. आणि तुझा तो सफरचंदवाला?”

तेव्हा मॅकबुक एअरची सुरुवात ९९,९०० रुपयांपासून होती. किती वर्षं, यावर आमचा थोडा वाद झाला. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम-१ चिपच्या एअरला पाच वर्षांनंतरही कंपनी नवी प्रणाली देते आहे, त्यात पंखाच नाही त्यामुळे धूळ ओढून घेत नाही, आणि बॅटरी एवढी की आमच्या गावाकडच्या भारनियमनाला पुरून उरते, असं सगळं मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि “आठ,” म्हणाले. स्वतःच्या हातात वस्तू किती टिकते यावर त्यांचा विश्वास दांडगा.

“चौतीस रुपये एकवीस पैसे. म्हणजे रोजचे तीन रुपये एकोणचाळीस पैसे जास्त. कशासाठी?”

तो ‘कशासाठी’ त्यांनी असा विचारला की जणू ते तीन रुपये मीच घेणार होतो. पण पाकिटावरचे ते आकडे पाहताना माझ्या मनात काही वेगळंच आलं. आमच्या सोसायटीत मॅक घेतात ते कोण? आयटीतली तरुण मंडळी. दर दोन वर्षांनी नवा. लाखाचा कॉम्प्युटर दोन वर्षांत सोडून दिला तर रोजचे एकशे सदतीस रुपये पडले. जुना विकून काही परत आले तरी जखम मोठीच. महाग कॉम्प्युटर परवडायचा तर तो आठ-आठ, दहा-दहा वर्षं पिळून वापरणारा माणूस हवा. ट्यूब चिरणारा, स्कूटर तिरकी करणारा. म्हणजे या यंत्राचं खरं गिऱ्हाईक काकाच, आणि काका तर किंमत ऐकूनच पायऱ्या उतरतात. जे घेतात त्यांना परवडत नाही, आणि ज्यांना परवडेल ते घेत नाहीत. या मधल्या फटीवर एक जगड्व्याळ कंपनी उभी आहे.

१८ एप्रिल २०२३ ला मुंबईत बीकेसीला ॲपलचं दुकान उघडलं, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक स्वतः दार उघडायला आले होते. त्या गर्दीत एक गृहस्थ आपला जुनापुराणा मॅकिंटॉश एसई काखोटीला मारून आले. कुक थक्क झाले, फोटो निघाले, जगभर छापून आले. बाकीच्यांना ते प्रेम वाटलं. मला तो हिशोब वाटला. एवढी वर्षं जपलेल्या वस्तूचा रोजचा खर्च पैशांत आला असेल. असं गिऱ्हाईक कंपनीला फोटोपुरतं बरं. सगळेच असे निघाले तर दुकानाचं भाडं कुठून द्यायचं?

काकांचा मात्र मुद्दा पुढे सरकला होता. “टिकतो हे तू कशावरून म्हणतोस?”

इथे प्रामाणिकपणे मला ॲपलच्या कीबोर्डाची कथा सांगावी लागली. २०१५ पासून काही वर्षं कंपनीने आपल्या लॅपटॉपांना इतका पातळ कीबोर्ड बसवला की एक कण आत गेला तरी बटण रुसायचं. दाबलं तर उमटायचं नाही, नाहीतर दोनदा उमटायचं. कंपनीने त्यावर उपाय छापला तो असा: लॅपटॉप ७५ अंशांच्या कोनात तिरका धरा आणि दाबाच्या हवेचा फवारा डावीकडून उजवीकडे मारा. ७५ अंश. नव्वद नाही, साठ नाही. लाखाच्या वस्तूबरोबर कंपासपेटी ठेवायची. शेवटी फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, अमेरिकेत खटला झाला आणि २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरवर तडजोड. तो कीबोर्ड बनवणाऱ्यांनी चिवडा पाहिलेला नसावा. मराठी घरात लॅपटॉपशेजारी वाटी असते, वाटीत पातळ पोह्यांचा चिवडा असतो, आणि त्यातला एक पोहा कायम प्रवासात असतो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिरकं करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी चेतकही तिरकीच करावी लागते. पण ती तिरकी केल्यावर चालू होते.”

आता तसे कीबोर्ड येत नाहीत, हे मी सांगितलं. त्यांनी ते पाकिटावर ‘कीबोर्ड – चौकशी’ असं लिहून घेतलं.

एक धोका मात्र मी त्यांना आधीच दाखवून ठेवला, पायऱ्यांचा. पहिल्या पायरीवर तेव्हा ९९,९०० चा एअर उभा असायचा. आत साठवणीला २५६ जीबी. तुम्ही म्हणता, फोटोबिटो आहेत, पाचशे बारा असावी. वीस हजार. १,१९,९००. इथे विक्रेता मान हलवून म्हणतो, एवढं घेताय तर मेमरीही वाढवा, नंतर वाढत नाही. ते खरंच असतं. सगळं आत पक्कं बसवलेलं, खोडरबर फिरवायला भाच्याला जागाच ठेवलेली नाही. आणखी वीस हजार. १,३९,९००. आणि मग तो हळूच सांगतो, अजून तीस टाकले की मॅकबुक प्रोच येतो. फडक्यासाठी आत शिरलेला माणूस असा १,६९,९०० ला पोचतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला वाटत असतं की आपण वीसच हजारांचा निर्णय घेतोय. दुसऱ्या पायरीची जी जागा, तेवढी बाहेरून जोडायची डिस्क तेव्हा लॅमिंग्टन रोडवर चार-पाच हजारांत मिळत होती. पहिल्या पायरीवर कंपनी तुम्हाला कॉम्प्युटर विकते. पुढच्या पायऱ्यांवर ती पायऱ्या विकते.

पायऱ्यांचा कळस मी २०१९ मध्ये पाहिला, अर्थात घरी बसून, फुकट. सॅन होजेच्या सभागृहात कंपनीने ४,९९९ डॉलरचा मॉनिटर दाखवला. टाळ्या. मग सांगितलं, स्टँड वेगळा, ९९९ डॉलर. सभागृहातून सरळ कण्हण्याचा आवाज आला. आणि समोर बसलेले काही विरोधक नव्हते, पक्के वारकरी होते. त्याच वेळच्या मॅक प्रोला खाली चाकं हवी असली तर आणखी ४०० डॉलर. चार चाकं, त्यांना ब्रेक नव्हते. म्हणजे सव्वाचार-साडेचार लाखांचं यंत्र उतारावर ठेवायचं नाही, ही जबाबदारी गिऱ्हाइकाची.

काकांना चाकांची गोष्ट फार आवडली. तीन दिवस ते सोसायटीत सगळ्यांना ‘ब्रेक नाहीत’ म्हणून सांगत होते. मला वाटलं, विषय संपला. नातीच्या नशिबी पंचेचाळीस हजारवाला.

पण नातीने आजोबांचंच रक्त घेतलेलं. तिने शोधून काढलं की विद्यार्थ्यांना तोच एअर ८९,९०० ला मिळतो आणि कॉलेजं सुरू व्हायच्या हंगामात वर एअरपॉड्स फुकट. रविवारी सकाळी काका तेच पाकीट घेऊन खाली आले. एव्हाना त्याची तिसरी बाजूही भरली होती. पाकिटाला तिसरी बाजू असते हे मला माहीत नव्हतं, त्यांनी ते चिकटवलेल्या जागी उकलून घेतलं होतं.

“एकोणनव्वद हजार नऊशे. आठ वर्षं. रोजचे किती?”

“तुम्हीच सांगा.”

“तीस रुपये एकोणऐंशी पैसे.” त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “तुझा तो साधा लॅपटॉप तीस रुपये ब्याऐंशी. तीन पैसे जास्त. कशासाठी?”

‘तुझा तो’ हे विशेषण एका आठवड्यात एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर गेलेलं माझ्या लक्षात आलं, पण मी काही बोललो नाही. तीन पैशांच्या फरकाने त्या घरात लाखाजवळची वस्तू आली. २५६ चीच. दुकानातल्या मुलाने पाचशे बारा सुचवून पाहिलं. काकांनी त्याला बाहेरच्या डिस्कचा भाव सांगितला आणि ‘तुझ्या मुलाला बँकेच्या परीक्षेला बसव’ असा सल्ला दिला. दुकानातल्या त्या मुलाचं अजून लग्नही झालं नव्हतं. फुकट आलेले एअरपॉड्स पॅकबंद अवस्थेत तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्याने घेतले, बाजारभावापेक्षा पाचशेने कमी, रोख. पाकिटावर रोजचा दर आणखी खाली आला.

त्यानंतरचं आयुष्य त्या मॅकने कुठल्याच जाहिरातीत पाहिलं नसेल. त्याला काकूंनी जुन्या सोलापुरी चादरीचं कव्हर शिवलं. त्याच्या तीन फुटांच्या परिसरात चिवडा बंद. नात रात्री काम संपवून उठली की काका एकदा येऊन तो नीट मिटलाय का ते पाहतात. पुसायला अर्थातच जुना बनियन. कंपनीच्या यादीत बनियन बसतो का, हे कोणी पाहिलेलं नाही. तिकडे तिसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला आपला दीड लाखाचा प्रो स्कूटरच्या डिकीत टाकून हिंजवडीला जातो आणि दर पावसाळ्यानंतर ‘यांची क्वालिटी आता पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणतो.

परवा काकूंना माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांसाठी जागा हवी होती. तिथे मॅकचा रिकामा खोका होता, पांढराशुभ्र, आतल्या पुठ्ठ्यासकट, वरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. काकूंनी तो खाली काढला आणि काका किंचाळलेच.

“अगं, खोका टाकू नकोस! विकताना खोक्यासकट दोन हजार जास्त येतात.”

“विकायचाय का तो?” काकूंनी विचारलं.

“विकायचा?” काका म्हणाले. “कोण म्हणतंय विकायचा?”